सांगणारा बदलतो तेव्हा

1860च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर हे मराठी कीर्तनकार तंजावरला आले आणि चातुर्मासात तिथेच राहून त्यांनी कीर्तनं केली. तंजावरचं मराठी राज्य तेव्हा संपलेलं होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात स्थापलेली ही गादी, शेवटच्या राजाला पुत्र नव्हता म्हणून, 1855 मध्ये इंग्रजांनी खालसा केली होती. दरबारच गेल्यावर मराठी पंडितांचा आणि गवयांचा आधार तुटला. तरीही बुवांच्या कीर्तनाला माणसं येत राहिली आणि त्यांत केवळ मराठी घरांतले लोक नव्हते. तिथे बसून मन लावून ऐकणाऱ्यांत एक तमिळ गायक होता. संगीताचा इतिहास त्याला तंजावर कृष्ण भागवतर या नावाने ओळखतो आणि तमिळ हरिकथेचं जनकत्व त्याच्याकडे देतो.

कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तन नुसतं ऐकलं नाही, त्याची बांधणी उचलली. उभं राहून सांगणं, हातातल्या चिपळ्या, मागे झील धरणारे साथीदार, गद्य निरूपणातून अलगद पद्यात शिरणं आणि पद्यातून पुन्हा गोष्टीवर येणं हे सगळं त्यांनी घेतलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद घेतले. त्यांच्या शेजारी त्यागराजांच्या तेलुगू कृती ठेवल्या, संस्कृत श्लोक ठेवले, तमिळ पदं ठेवली आणि हे सारं तमिळ कथनात गुंफलं. त्याआधी तमिळ देशात कथा सांगितली जात नव्हती असं मुळीच नाही. पुराणप्रवचनाची तिथली परंपरा जुनी आहे. पण संगीत, निरूपण आणि अभिनय यांचा हा मेळ नवा होता. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत तो इतका रुजला की मद्रासच्या श्रोत्यांना साकी आणि दिंडी परक्या वाटेनाशा झाल्या.

दोन संस्कृती जोडल्या जाण्याची उदाहरणं द्यायची झाली की आपण ग्रंथांची भाषांतरं, विद्यापीठांचे करार, कलापथकांचे दौरे यांची नावं घेतो. इथे यातलं काहीच नव्हतं. एक माणूस चार महिने सांगत राहिला, दुसरा ऐकत राहिला आणि त्या ऐकण्यातून एक कलाप्रकार दुसऱ्या भाषेत जन्माला आला. हे कसं घडलं याचा नीट विचार केला, तर ‘कथा माणसांना जोडते’ हे सहज उच्चारलं जाणारं वाक्य कधी खरं ठरतं आणि कधी खोटं, याचा उलगडा होऊ शकतो. माझं म्हणणं असं आहे की, कथा स्वतःच्या बळावर कुणालाही जोडत नाही. समोरच्या श्रोत्यासाठी सांगणाऱ्याला बदलावं लागतं आणि तो बदलतो, तेव्हाच जोडणी होते. समोरासमोर सांगितलेल्या कथेचं मोल याच सक्तीत आहे.

याविरुद्ध पहिला मुद्दा येतो तो कथांच्या सारखेपणाचा. जगभर सावत्र आईच्या, हुशार कोल्ह्याच्या, हरवलेल्या राजपुत्राच्या गोष्टी सापडतात, म्हणून माणसं आतून एकच आहेत, असं सांगितलं जातं. ऐकायला हे फार आश्वासक आहे. पण सारख्या गोष्टी असलेले समाज एकमेकांशी भांडले नाहीत, असं इतिहास सांगत नाही. रामकथा तर दक्षिण आशियात आणि आग्नेय आशियात किती भाषांत, किती धर्मांत सांगितली गेली. त्या सामायिक कथेवरूनच आपल्याकडे वाद पेटले आणि माणसं मेली. एकच कथा दोघांकडे असली की ती खरी कुणाची, असली कुठली आणि भ्रष्ट कुठली, हा हक्काचा प्रश्न आधी उभा राहतो. तेव्हा साम्य हा जोडणीचा पुरावा नाही. ते फार तर कच्चं सामान आहे. काम होतं ते सांगण्याच्या बैठकीत.

ती बैठक कशी चालते हे पाहण्यासाठी नारदीय कीर्तनाचाच साचा घेऊ. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग घेतो आणि त्यातलं तत्त्व उलगडतो. मध्ये नामघोष होतो, बुक्का लागतो. मग उत्तररंगात त्या तत्त्वाला धरून आख्यान लावलं जातं. आख्यान ठरलेलं असलं तरी त्याची लांबी-रुंदी ठरलेली नसते. श्रोते पेंगू लागले तर बुवा कटाव म्हणतात, डोळे पाणावले तर त्या प्रसंगावर रेंगाळतात, एखादा दाखला पोचला नाही असं दिसलं तर त्याच गावातला दुसरा दाखला काढतात. लिहिणाऱ्या लेखकाला हे भाग्य नसतं आणि ही शिक्षाही नसते. त्याचा वाचक कुठे थबकला, कुठे रागावला, कुठे पुस्तक मिटून निघून गेला, हे त्याला कळत नाही. उभं राहून सांगणाऱ्याला ते त्याच क्षणी कळतं आणि कळल्यावर काहीतरी करावंच लागतं.

आता या बैठकीत तीन भाषांचे श्रोते बसले आहेत असं समजा. हरिकथेत एकच आशय संस्कृत श्लोकात येतो, मग मराठी साकीत येतो, मग तमिळ गद्यात उलगडतो. संस्कृत जाणणारा पहिल्याच ओळीला मान डोलावतो. मराठी घरातली बाई साकीपाशी सावरून बसते. तमिळ शेतकरी गद्यापाशी हसतो. प्रत्येकाच्या वाट्याला समजण्याचा एक क्षण येतो आणि इतरांना समजत असताना आपल्याला न समजण्याचाही एक क्षण येतो. हा दुसरा क्षण मला जास्त मोलाचा वाटतो. आपल्याला कळत नाही, शेजाऱ्याला कळतं आहे, तो आनंदलेला आहे आणि आपण उठून न जाता आपली पाळी येईपर्यंत थांबलो आहोत, ही परक्या माणसाबरोबर राहण्याची पहिली शिस्त आहे. भाषांतरित पुस्तकात ती शिकता येत नाही, कारण तिथे न कळण्याची जागा अनुवादकाने आधीच बुजवून टाकलेली असते. पडद्यावर खाली धावणाऱ्या अक्षरांनीही तेच होतं.

तंजावरला ही शिस्त आधीपासून होती. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी 1684 ते 1712 या काळात तिथे राज्य केलं. त्यांच्या नावावर असलेल्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा रंगमंचावर एकत्र येतात. दुसऱ्या सरफोजींच्या काळात सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढला आणि बृहदीश्वराच्या भव्य तमिळ मंदिरावर भोसल्यांच्या वंशाचा दीर्घ मराठी शिलालेख कोरला गेला. त्याचं वर्ष 1803. रामदासी मठांतून मराठी कीर्तन चालूच होतं. म्हणजे सत्ता होती, पैसा होता, कीर्तनकार होते, बहुभाषी कानही होते. तरी तमिळ हरिकथा आज ज्या रूपात ओळखली जाते ते रूप घडलं, ते राज्य गेल्यावर.

मला हा केवळ योगायोग वाटत नाही. दरबारातला मराठी कीर्तनकार राजाच्या भाषेत बोलत होता. तमिळ श्रोत्याने त्याच्याकडे यावं हीच रीत होती. 1855 नंतर आलेल्या बुवांच्या पाठीशी कुणी राजा नव्हता. ते पाहुणे होते. श्रोत्याला आवडलं तरच बिदागी, नाही तर पुढच्या गावाची वाट. याच्याशी जुळणारं एक आधीचं उदाहरण आहे. तंजावर परंपरेतले मेरुस्वामी हे कीर्तनकार त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले. तिथे मराठ्यांचं राज्य कधीच नव्हतं. मेरुस्वामी तिथेही पाहुणेच होते. त्यांच्या सहवासात या संगीतज्ञ राजाने संस्कृतात ‘कुचेलोपाख्यान’ आणि ‘अजामिलोपाख्यान’ ही कथाकीर्तनाच्या घाटाची आख्यानं रचली. दोन्ही ठिकाणी सांगणारा पाहुणा होता, यजमान ऐकणारा होता आणि कलाप्रकार यजमानाच्या घरचा झाला. भाषेमागची सत्ता सरली की त्या भाषेतली कथा ऐकणाऱ्याला ती न घाबरता उचलता येते, मोडता येते, आपली करता येते.

सत्ता न सरता कथा सांगितली गेली तर काय होतं, याचं उदाहरण गोव्यात आहे. इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला. सासष्टीतल्या नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्यांच्या जागी कानांना काहीच मिळालेलं नव्हतं. आम्हालाही पुराण हवं, ही त्यांची मागणी स्टीफन्सने आपल्या ग्रंथातच एका श्रोत्याच्या तोंडी घातली आहे. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत त्याने बायबलची कथा गुंफली. सुमारे 11 हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. देवळात पुराण ऐकणारे लोक आता चर्चमध्ये पुराण ऐकू लागले. मराठी भाषेचा गौरव एका परदेशी माणसाने ज्या जिव्हाळ्याने केला, तो जिव्हाळा खोटा होता असं कुणालाही म्हणता येणार नाही. श्रोत्यांच्या मागणीपुढे तो वाकला, त्यांचा छंद शिकला, त्यांची उपमानं शिकला.

पण तो वाकला तो घाटापुरता. काय सांगायचं हे ठरलेलं होतं आणि श्रोत्याला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. जुन्या देवळांच्या जागी चर्च उभी राहिली होती, मागे पोर्तुगीज सत्ता होती, इन्क्विझिशनचं न्यायालय होतं. आणि त्याच सत्तेने 1684 मध्ये फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम दिला. ज्या बोलीत येशूचं पुराण सांगितलं, तीच बोली नकोशी झाली. हे पुराण तरीही टिकलं, ते लोकांनी हाताने नकला करून जपलं म्हणून. 1616च्या मूळ आवृत्तीची प्रत आज कुठे उपलब्ध नाही. म्हणजे ऐकणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं, ती कथा त्यांनी मनापासून आपली केली होती. सांगणाऱ्या सत्तेला मात्र त्या ऐकणाऱ्यांकडून काही शिकायचं नव्हतं. जोडणी अर्धीच राहिली आणि तिची किंमत एकाच बाजूने मोजली.

यावर विचारी वाचक एक कठीण प्रश्न विचारील. श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बदलणारा वक्ता म्हणजे चांगलाच, असं कसं धरायचं? द्वेष पसरवणारा वक्ताही चेहरे वाचतो. टाळी कुठे पडते हे त्याला कीर्तनकारापेक्षा अधिक कळतं आणि तो दर वाक्याला अधिक जहरी होत जातो. प्रश्न रास्त आहे आणि माझं प्रतिपादन त्याला तोंड दिल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. त्या सभेत नेमकं काय नसतं ते पाहा. ज्याच्याविषयी बोललं जातं, तो त्या सभेत नसतो. वक्ता आणि श्रोते एकाच बाजूचे असतात, त्यामुळे वक्त्याला बदलावं लागतच नाही. जे आहे तेच अधिक मोठ्याने म्हणावं लागतं. म्हणून बैठक पारखायची तर आणखी एक कसोटी लावावी लागते: जिच्याविषयी कथा आहे, ती माणसं समोर बसली आहेत का, आणि त्यांना मध्येच थांबवून विचारायची मुभा आहे का?

ही कसोटी आपल्या आवडत्या उदाहरणालाही लावायला हवी. हरिकथेच्या मंचावर गाजलेल्या आख्यानांत नंदनाराचं आख्यान फार वरचं आहे. नंदनार हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला शिवभक्त. बाराव्या शतकातल्या ‘पेरियपुराणा’त त्याची कथा थोडक्यात येते. एकोणिसाव्या शतकात गोपाळकृष्ण भारती यांनी तिचं मोठं गेय आख्यान केलं आणि त्यात मूळ कथेत नसलेला एक ब्राह्मण जमीनदार आणला. नंदन चिदंबरमला नटराजाच्या दर्शनाला जायची परवानगी मागतो आणि जमीनदार त्याच्यावर शेताच्या कामाची अशक्य अट घालतो. शेवटी आगीतून गेल्यावरच नंदनाला देव भेटतो. भक्ताच्या तळमळीसमोर मालकाचा अडसर उभा करून भारतींनी जातीचा अन्याय सवर्ण श्रोत्यांच्या पुढ्यात ठेवला. आपल्याकडे चोखोबांची कथा ऐकताना जो हुंदका येतो, तोच तिथेही येत असे. कृष्ण भागवतरांच्या आख्यानांतही ही कथा होती.

श्रोते रडले. चिदंबरमचा दरवाजा उघडला नाही. मद्रास प्रांतात दलितांसाठी मोठ्या मंदिरांची दारं उघडू लागली ती 1939 मध्ये, मदुराईच्या मीनाक्षी मंदिरातल्या प्रवेशापासून, आणि त्यामागे हरिकथा नव्हती, चळवळ होती. आपल्याकडे पंढरपूरला चोखोबांच्या अभंगांवर शेकडो वर्षं निरूपणं झाली आणि मंदिर खुलं व्हायला 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. ज्यांची कथा होती ते बैठकीत नव्हते. असते तर त्यांनी विचारलं असतं की देवाच्या भेटीसाठी नंदनाला आगीतून का जावं लागतं? जमीनदाराला का नाही? हा प्रश्न विचारला गेला नाही तोवर ती कथा सवर्ण श्रोत्याला स्वतःच्या कनवाळूपणाचा अनुभव देत राहिली. करुणा वाटणं आणि जोडलं जाणं यांत हे अंतर आहे. करुणेला समोरच्याची हजेरी लागत नाही.

हजेरी म्हणजे काय असते हे गाडगेबाबांनी दाखवलं. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं, हा त्यांचा क्रम होता. त्यांचं कीर्तन हे प्रश्नोत्तरच होतं. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसाला विचारत, उत्तर वदवून घेत, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारत. कर्ज काढून लग्न का करता, देवापुढे बकरं का कापता, शिवाशिव का पाळता, या प्रश्नांना उत्तर द्यावं लागत असे, आणि ते सगळ्या गावासमोर द्यावं लागत असे. ज्याला शिवायचं नाही तो आणि शिवू न देणारा, दोघेही त्या गर्दीत असत. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तर ऐकणाऱ्यालाच सांगणारा केलं. ज्यांच्याविषयी इतकी शतकं इतरांनी आख्यानं लावली, ते स्वतः डफ घेऊन उभे राहिले. एका समाजाच्या आत असलेल्या दोन संस्कृतींमधली ही सर्वांत अवघड जोडणी होती आणि तिची सुरुवात सांगणारा बदलण्यापासूनच झाली. इथे बदल याचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायचा: सांगणारा माणूसच दुसरा आला.

तमिळ हरिकथेतही हा बदल स्त्रियांच्या बाजूने झाला. सी. सरस्वतीबाई (1892–1974) विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कथा सांगायला उभ्या राहिल्या, तेव्हा बाईने हरिकथा करू नये म्हणून पुरुष कथाकारांनी विरोध केला. त्यांनी माघार घेतली नाही, पुढे देशभर नाव मिळवलं आणि त्यांच्यामागून कितीतरी स्त्रिया या मंचावर आल्या. द्रौपदीची किंवा सीतेची गोष्ट स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली होती. ती उभं राहून सांगण्याचा अधिकार त्यांना झगडून घ्यावा लागला.

जोडलं जाणं म्हणजे एकमत होणं, असाही एक गैरसमज असतो. तंजावर भागातल्या खेड्यांत कामदहनाच्या उत्सवात लावणी गायची चाल आहे. तमिळ लावणी. एक पक्ष म्हणतो, शिवाच्या तिसऱ्या डोळ्याने काम जळून गेला. दुसरा म्हणतो, जळला नाही. दोन्ही बाजूंचे गायक पुराणांचे दाखले देत रात्रभर एकमेकांना पेचात पकडतात. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यांशी याचं रक्ताचं नातं आहे. इकडे शक्ती श्रेष्ठ की शिव, हा वाद, तिकडे काम जळला की नाही, हा. मराठी फौजांबरोबर आणि दरबाराबरोबर गेलेली लावणी तिथल्या मातीत वाद घालायला शिकली आणि टिकली. वाद टिकायला प्रतिपक्ष टिकावा लागतो, त्याचं म्हणणं पुरतं ऐकावं लागतं, पुढच्या वर्षी तो पुन्हा यावा अशी इच्छा असावी लागते. जिथे दोन समाज असं भांडू शकतात तिथे त्यांच्यात नातं आहे, असं निःशंक समजावं.

आता आजचं पाहू. विविधतेचे महोत्सव आपल्याकडे आणि जगभर भरतात. प्रत्येक प्रांताला, प्रत्येक देशाला दहा मिनिटं मिळतात. पोशाख, एक वाद्य, एक गोष्ट, टाळ्या, पुढचा कार्यक्रम. आयोजकांचा हेतू चांगला असतो हे मान्य करूनही म्हणावं लागतं की, यात सांगणाऱ्याला बदलायला वेळच दिलेला नसतो. त्याला सांगितलेलं असतं की तुमची अस्सल परंपरा दाखवा. मग तो अस्सलपणाचा नमुना होऊन उभा राहतो, श्रोता प्रेक्षक होतो, आणि दोघेही जसे आले तसे परत जातात. मोरगावकरबुवांना अशा महोत्सवात दहा मिनिटं मिळाली असती, तर तमिळ हरिकथा जन्मली नसती. त्यांना चातुर्मास मिळाला.

ध्वनिमुद्रणाचा मुद्दाही टाळता येणार नाही. आज एखाद्या कथाकाराचा आवाज एका रात्रीत जगाच्या टोकाला पोचतो. घरापासून लांब असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, आपली भाषा बोलणारं माणूस आसपास नसलेल्या श्रोत्याला त्याचा किती आधार होतो, हे मी जाणतो आणि त्याला कमी लेखत नाही. पण मुद्रित आवाज श्रोत्याकडे पाहत नाही. तो सगळ्यांना तेच सांगतो. न आवडलं तर श्रोता बोटाच्या एका हालचालीने निघून जातो आणि सांगणाऱ्याला ते एका आकड्यापलीकडे कळत नाही. मुद्रणाने कथा जपली जाते, पसरते. दोन माणसांना एकमेकांसाठी बदलायला लावण्याचं काम मात्र त्याच्याकडून होत नाही, आणि त्याने ते होईल अशी आशा ठेवून आपण प्रत्यक्ष बैठका मोडू दिल्या, तर ते नुकसान भरून येणारं नाही.

परंपरेवर प्रेम करणारे लोक इथे एक चिंता व्यक्त करतील. दुसऱ्यासाठी बदलत गेलं तर आपलं म्हणून काय उरणार? कीर्तन तमिळ झालं यात मराठीचं काय राहिलं? या चिंतेमागची माया मला समजते. पण तंजावरचा अनुभव उलट सांगतो. मोरोपंतांच्या आर्या आणि साकी-दिंड्या महाराष्ट्रातच रोजच्या कानावरून उतरल्या. संगीत नाटकं मागे पडली तशा त्या अभ्यासकांपुरत्या राहिल्या. कावेरीच्या काठी त्या परक्या भाषेच्या कुशीत विसावं शतकभर गायल्या जात होत्या. जे दिलं तेच शिल्लक राहिलं. अर्थात तिथेही आज हरिकथेचे श्रोते विरळ झाले आहेत आणि मराठी पदं जाणणारे भागवतर तर फारच थोडे. ही परंपरा परक्यांनी घेतल्यामुळे क्षीण झालेली नाही. चार तास बसून ऐकणारी माणसं कमी झाल्यामुळे ती क्षीण झाली आहे, इकडेही आणि तिकडेही.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात आणि त्यांतली एकही खर्चिक नाही.

पहिली, सांगणाऱ्याला मुक्कामाला बोलवावं. व्याख्यानमाला, वाचनालयं, कीर्तन संस्था यांनी दुसऱ्या भाषेतल्या कथाकाराला एका संध्याकाळी आणून शाल-श्रीफळ देण्याऐवजी महिनाभर ठेवून घ्यावं. पहिल्या दिवशी त्याला कुणाला काय कळतं आहे ते समजणार नाही. दहाव्या दिवशी तो इथले दाखले देऊ लागेल. महिन्याच्या शेवटी इथलं कुणीतरी तरुण त्याच्या मागे झील धरून उभं असेल. दादरच्या अखिल भारतीय कीर्तन संस्थेसारख्या संस्था कीर्तन शिकवतात. त्यांच्या वर्गात एखादा तेलुगू किंवा कन्नड कथाकार शिष्य म्हणून आणि गुरू म्हणूनही असावा.

दुसरी, एकच कथा दोघांनी मिळून सांगावी. सोलापूर हे यासाठी महाराष्ट्रातलं सर्वांत योग्य गाव आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा तिथल्या गल्ल्यांत बोलल्या जातात. पद्मशाली विणकरांच्या पिढ्या तेलुगू घेऊन मागावर बसल्या आहेत. मराठी कीर्तनकार आणि तेलुगू बुर्रकथा सांगणारा यांनी एका मंचावर एकच आख्यान आळीपाळीने पुढे न्यावं. दुभाषा ठेवू नये. दुभाषा ठेवला की दोघेही एकमेकांकडे पाहायचे थांबतात.

तिसरी, ज्यांच्याविषयी आपण नेहमी बोलतो त्यांच्याकडून ऐकावं. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या तळावर, शहरातल्या बांधकामांवर परप्रांतातून आणि परजिल्ह्यातून आलेली कुटुंबं आहेत. त्यांची मुलं आपल्या शाळांत येतात आणि वर्गात गप्प बसतात. त्या मुलांच्या आजीला शाळेत बोलवावं. तिने तिच्या भिलीत, गोंडीत, भोजपुरीत गोष्ट सांगावी, नातवाने ती आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत पुढे न्यावी आणि बाकीच्या वर्गाने अर्धवट समजत का होईना ती पुरती ऐकावी. एरवी वर्गात सगळ्यांत मागे असणारं मूल त्या तासाला सगळ्यांत जास्त जाणणारं असेल. हा अनुभव दोन्ही बाजूंच्या मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या एकात्मतेच्या धड्यापेक्षा अधिक काही शिकवेल.

चौथी गोष्ट परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांसाठी. तिथली मंडळं गणेशोत्सव करतात, नाटकं नेतात, कीर्तनंही ठेवतात, आणि त्या साऱ्याचे श्रोते मराठीच असतात. मायदेशाची ओढ भागवायला ते हवंच. पण तंजावरचे बुवा फक्त मराठी घरांसाठी उभे राहिले नव्हते. आजीकडून ऐकलेली गोष्ट तिथल्या शेजाऱ्यांना, तिथल्या वाचनालयात, तिथल्या भाषेत सांगायला दुसऱ्या पिढीतली मुलं जितकी समर्थ आहेत तितकं आपल्यातलं कुणीच नाही. सांगताना मुलं ती गोष्ट बदलतील. बदलू द्यावी. आणि मग त्याच शेजाऱ्यांच्या गोष्टी ऐकायला आपणही तितकाच वेळ बसावं.

हे सगळं करूनही दंगली थांबतील, जात जाईल, सीमा विरतील, असा दावा मी करत नाही. नंदनाराच्या कथेने दरवाजा उघडला नाही, हे विसरून चालणार नाही. दरवाजे कायद्याने आणि लढ्यानेच उघडावे लागतात. पण दरवाजा उघडल्यावर आत एकत्र बसायचं कसं, हे कायदा शिकवत नाही. समोरच्याला कळत नसेल तर आपण पुन्हा, वेगळ्या रीतीने सांगायचं. आपल्याला कळत नसेल तर पाळी येईपर्यंत थांबायचं. आणि समोरच्याने मध्येच विचारलं तर त्याला उत्तर द्यायचं, या तीन सवयी समोरासमोर कथा सांगण्या-ऐकण्याच्या बैठकीत लागतात. मराठी माणसाकडे ही बैठक भरवण्याची विद्या शेकडो वर्षांची आहे आणि ती परक्या मुलखात नेऊन दाखवल्याचा पुरावाही आहे. आपण ती केवळ आपल्याच लोकांना ऐकवण्यापुरती ठेवली, तर वारशाचा अर्धाच भाग आपण चालवला असं होईल. उरलेला अर्धा भाग पाहुणा होऊन सांगण्याचा आणि यजमान होऊन ऐकण्याचा आहे, आणि तो आज अधिक गरजेचा आहे.